विणीच्या काळांतील सिक्लिड मासे : स्वभाव व व्यवस्था

शोभेचे मासे पाळण्याची हौस एके काळीं मोठ्या शहरांपुरती होती. आतां तालुक्याच्या गांवींही कांचेच्या टाक्या दिसतात, आणि शेतीस जोड म्हणून असे मासे वाढवून विकण्याचा विचार कांहीं शेतकरी कुटुंबें करूं लागलीं आहेत. या हौसेंत सिक्लिड कुळांतील माशांचें आकर्षण विशेष. रंग सुरेख, प्रकृति काटक, आणि पुष्कळ जातींत आईबाप दोघेही मिळून पिलांचा सांभाळ करितात. परंतु यांच्याविषयीं तक्रारीही फार ऐकूं येतात. बाजारांतून एक नर व एक मादी आणून टाकींत सोडावीं, दोन दिवस सर्व ठीक दिसावें, आणि तिसऱ्या दिवशीं सकाळीं मादी पर फाटून कोपऱ्यांत मेलेली आढळावी, असा प्रकार अनेक ठिकाणीं घडतो. मग ही जातच खुनशी, असें म्हणून लोक नाद सोडून देतात. हा दोष जातीचा नसून बहुधा व्यवस्थेचा असतो, हें या लेखांत दाखवावयाचें आहे.

कुळाचा परिचय

सिक्लिड कुळांत दीड हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांतील बहुतेक आफ्रिका, दक्षिण अमेरिका व मध्य अमेरिका येथील होत. आपल्या देशाच्या मूळच्या अशा तीनच जाती आहेत. त्यांपैकीं खाडीच्या मचूळ पाण्यांत राहणारा, गोव्याकडे काळुंदर व केरळांत करीमीन म्हणून ओळखला जाणारा मासा सर्वांत मोठा. ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञानें १७९० सालीं त्यास सुरत शहरावरून शास्त्रीय नांव दिलें. केरळ राज्यानें २०१० सालीं त्यास आपला राज्यमत्स्य ठरविलें. दुसरा नारिंगी क्रोमाइड हा बोटाएवढा सुंदर मासा, आणि तिसरा कर्नाटकांतील थोड्या नद्यांत सांपडणारा. आपल्या धरणांत आढळणारी चिलापीही याच कुळांतील, परंतु ती मूळची आफ्रिकेची.

या लेखांत उदाहरणासाठीं मध्य अमेरिकेंतील कॉन्व्हिक्ट हा मासा घेतला आहे. अंगावरील काळ्या उभ्या पट्ट्यांमुळें, कैद्याच्या पोषाखाची आठवण होऊन, त्यास हें नांव पडलें. तो स्वस्त असतो, सहज वितो, आणि विणीच्या वेळीं अतिशय भांडतो. यास्तव शिकाऊ माणसास त्याच्यापासून सर्व धडे मिळतात.

भांडणाचें कारण

नवी व्यालेली गाय परक्यास वासराजवळ फिरकूं देत नाहीं. पिलांची कोंबडी घारीवरही धांवून जाते. यांस आपण दुष्ट म्हणत नाहीं. सिक्लिड माशांचें तसेंच आहे. बहुतेक मासे अंडीं टाकून निघून जातात. हे मासे मात्र अंडीं व पिलें राखतात. राखण करावयाची म्हणजे जागेची हद्द धरली पाहिजे, व हद्दींत शिरणारास हांकलून दिलें पाहिजे. नदींत ही हद्द वीतभर वा हातभर असते. हरलेला मासा पळून दूर जातो, आणि भांडण तेथेंच मिटतें. टाकींत पळावयास जागा नसते. हरलेला मासा डोळ्यांसमोरच राहतो, म्हणून जिंकणारा त्यास पुन्हा पुन्हा मारतो. नदींत जीव वांचविणारी रीत टाकींत जीव घेणारी होते ती अशी. तेव्हां राग नाहींसा करण्याच्या खटपटींत न पडतां त्यास जागा, आडोसा व दिशा द्यावी, हेंच या व्यवस्थेचें मुख्य सूत्र होय.

टाकी व तिची रचना

एका जोडीस तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद व सव्वा फूट उंच, म्हणजे सुमारें १३० लिटर पाण्याची टाकी असावी. इतर मासे बरोबर ठेवावयाचे असल्यास चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच, म्हणजे सुमारें २५० लिटरांची टाकी घ्यावी. उंचीपेक्षां तळाची लांबीरुंदी महत्त्वाची, कारण हद्दी तळावर पडतात.

तळाशीं बारीक धुतलेली रेती घालावी. हे मासे विणीपूर्वीं खड्डे उकरतात. दगड रेतीवर न ठेवतां थेट तळावर बसवावे व मग रेती घालावी. नाहीं तर उकरल्यामुळें दगड कलून मासा खालीं सांपडतो. फुटक्या कुंडीचा अर्धा भाग वा नळीचें कौल पालथें ठेविलें असतां अंडीं घालण्यास उत्तम जागा होते. अशीं घरें माशांच्या संख्येपेक्षां अधिक असावीं, व टाकीच्या मध्यावर दगड वा लांकूड असें रचावें कीं एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकास दिसूं नये. दृष्टीआड झालेला मासा पुष्कळदां माराआडही होतो.

पाणी २४ ते २८ अंश सेंटिग्रेड उष्णतेचें असावें. गाळणी सतत चालू ठेवावी, व आठवड्यास एक चतुर्थांश पाणी बदलावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरिन माशांस घातक असतो. तो नाहींसा करण्याचें औषध दुकानांत मिळतें, तें प्रमाणांत घालूनच नवें पाणी सोडावें.

जोडी जमविणें

सर्वांत मोठी चूक येथें होते. नर व मादी यांस आपण निवडून एकत्र कोंडलें म्हणजे जोडी झाली, असें नव्हे. सहा ते आठ लहान पिलें एकत्र आणून वाढवावीं. वयांत येतांच त्यांतील दोघें आपण होऊन जमतात, एका कोपऱ्याचा ताबा घेतात व इतरांस हांकलूं लागतात. हें दिसतांच बाकीचे मासे त्याच दिवशीं काढून घ्यावे. अशी आपण होऊन जमलेली जोडी बहुधा टिकते.

कॉन्व्हिक्टची मादी ओळखणें सोपें आहे. ती नराहून लहान असून तिच्या पोटावर नारिंगी झांक असते. नर मोठा, व त्याचे पाठीवरील व पोटाखालील पर टोंकदार व लांब असतात. नर मादीपेक्षां फार मोठा नसावा. दुप्पट आकाराच्या नरापुढें मादीचा टिकाव लागत नाहीं.

वाढलेले मासेच आणून जोडी जमविणें भाग पडल्यास टाकीच्या मध्यें कांचेचा पडदा बसवावा, व दोघांस कांहीं दिवस एकमेकांस नुसतें पाहूं द्यावें. दोघेही कांचेजवळ येऊन अंग थरथरवूं लागलीं, जागा साफ करूं लागलीं, म्हणजे पडदा काढावा. पडदा काढतांना दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे कोणाचीच जुनी हद्द राहत नाहीं. दिवा मालवावा, व पहिला दिवसभर लक्ष ठेवावें.

वीण व राखण

वीण जवळ आली कीं दोघेही कौलाची एक बाजू तोंडानें घांसून स्वच्छ करितात. मादी अंडीं चिकटवीत जाते व नर मागून तीं फळवितो. अंडीं शंभरापासून तीनशेंपर्यंत असतात. मादी परांनीं वारा घालीत अंड्यांपाशीं राहते, व नर बाहेरचा पहारा करितो. सुमारें तीन दिवसांत अंडीं फुटतात. नंतर चारपांच दिवस पिलें खड्ड्यांत वळवळत पडून असतात, व मग थव्यानें पोहूं लागतात.

या काळांत टाकींत इतर मासे असल्यास त्यांचे हाल होतात. लहान टाकींत ते आधींच काढून ठेवणें हाच उपाय. टाकींत हात घालून उगाच मांडणी बदलूं नये, दिवा एकदम लावूं वा मालवूं नये. घाबरलेले आईबाप आपलींच अंडीं खाऊन टाकतात. पहिली वीण अशी वांया गेली तरी निराश होऊं नये. तरुण जोडी दुसऱ्या तिसऱ्या विणीस शहाणी होते.

नर मादीवर उलटल्यास

जमलेली जोडीही कधीं कधीं बिघडते. याविषयीं ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेंत्स, ज्यांस १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, यांनीं १९६३ सालच्या आपल्या ग्रंथांत सिक्लिड माशांचा एक बोधप्रद अनुभव दिला आहे. शेजारीं दुसरे मासे असतां नर त्यांच्यावर धांवून जातो व घरांत नीट वागतो. शेजारी काढून घेऊन जोडीस अगदीं एकटें ठेविलें तर तोच नर मादीवर उलटतो. लोरेंत्स यांच्या उपपत्तीविषयीं पुढें शास्त्रज्ञांत मतभेद झाले. परंतु हा अनुभव मासे पाळणारांस आजही येतो, व त्यावरून पुढील उपाय निघतात.

पहिला उपाय, टाकी कांचेच्या पडद्यानें विभागून पलीकडे दुसरी जोडी ठेवावी, किंवा दोन टाक्या एकमेकींस लागून ठेवाव्या. नरांचें युद्ध कांचेतून चालतें व कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. मधली कांच मात्र शेवाळ न धरूं देतां स्वच्छ ठेवावी. दुसरा, मोठ्या टाकींत वरच्या थरांत पोहणारे डॅनिओसारखे चपळ मासे थव्यानें ठेवावे. नराचें लक्ष त्यांच्याकडे राहतें. परंतु ते पिलें खातात, म्हणून पिलें वाढवावयाचीं असल्यास हा उपाय करूं नये. तिसरा, जाळीचा पडदा घालून त्यांत मादी जाईल पण नर जाणार नाहीं एवढें भोंक ठेवावें. मादीस निवाऱ्याची वाट मिळाली म्हणजे बहुधा जीव वांचतो.

मादी पाण्याच्या पृष्ठभागाशीं कोपऱ्यांत तिरपी होऊन थांबली, पर फाटले, खाणें सुटलें, तर उद्यांची वाट न पाहतां तिला त्याच क्षणीं वेगळी करावी. स्वच्छ पाणी व निवांतपणा हेंच तिचें पहिलें औषध. बरी झाल्यावर त्याच नराकडे परत सोडण्याची घाई करूं नये.

तोंडांत अंडीं धरणाऱ्या जाती

आफ्रिकेंतील मलावी सरोवराचे रंगीत सिक्लिड जोडी करीत नाहींत. मादी अंडीं तोंडांत धरून सुमारें तीन आठवडे बहुतेक उपाशी राहते. येथें एका नरास एक मादी दिली तर नर तिला छळून मारतो; एका नरामागें तीनचार तरी माद्या असाव्या, म्हणजे त्याचा त्रास वांटला जातो. अंडीं धरलेली मादी निराळ्या टाकींत हलवावी.

पिलें व पुढील जबाबदारी

पोहूं लागलेल्या पिलांस नुकतेच फुटलेले आर्टेमियाचे जीव वा पिलांसाठींचें बारीक पूड केलेलें खाद्य दिवसांतून तीनचार वेळां थोडें थोडें द्यावें. आपल्या नारिंगी क्रोमाइडचीं पिलें आईबापांच्या अंगावरील बुळबुळीत स्रावही खातात, म्हणून त्यांस लवकर वेगळें करूं नये. कॉन्व्हिक्टचे आईबाप पुन्हा विणीची तयारी करूं लागले कीं मोठीं पिलें काढून घ्यावीं. एरवीं त्यांनाच मार बसतो.

जोडी एकदां लागली कीं वर्षांत अनेक वेळां विते, व शेंकडों पिलांचें काय करावें हा प्रश्न उभा राहतो. गिऱ्हाईक आधीं पाहावें, मग वीण होऊं द्यावी. जास्तीचीं पिलें विहिरींत, शेततळ्यांत वा ओढ्यांत कदापि सोडूं नयेत. चिलापीची एक जात १९५२ सालीं सिलोनहून आपल्या देशांत आणली गेली. ती पुढें किती जलाशयांत पसरली हें आपण पाहतोंच. कॉन्व्हिक्टही ऑस्ट्रेलियांत एका वीजकेंद्राच्या ऊन पाण्याच्या जलाशयांत सुटून स्थिरावला होता. जो मासा दोन हातांच्या टाकींत इतरांस जगूं देत नाहीं, तो आपल्या ओढ्यांतील मळ्या, खवली यांस सुखानें राहूं देईल असें समजूं नये.

सारांश, जोडी माशांसच निवडूं द्यावी. जागा प्रशस्त, आडोसे पुष्कळ व दृष्टि तुटेल अशी रचना असावी. नरास पहारा करण्याजोगा शेजार असावा व मादीस पळावयास वाट असावी. आणि पिलांची सोय विणीपूर्वींच लावून ठेवावी. एवढें केलें तर ज्या रागाची भीति वाटते, तोच पिलांचा राखणदार ठरतो, व पाळणारास आपल्या श्रमाचें फळ मिळतें.