पुस्तक सुचवताना विषयावर थांबू नका

वाचनालयात कुणी ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हटलं, की आपला हात विषयाच्या कपाटाकडे जातो. ऐतिहासिक, सामाजिक, रहस्य, पौराणिक. गफलत तिथेच होते. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ ही दोन्ही पुस्तकं 1967 सालची, दोन्ही महाभारतावरची. ‘मृत्युंजय’ जाडजूड आहे. त्यात कर्ण, कुंती, दुर्योधन आपापली कहाणी स्वतः सांगतात, भाषा अलंकारांनी ओथंबलेली असते आणि वाचणारा कर्णाच्या बाजूने उभा राहतो. ‘युगान्त’ छोटेखानी. एकेका व्यक्तीवर एकेक लेख, आणि चिकित्सा अशी की कर्णाचीही गय नाही. कर्णासाठी डोळे पुसलेल्या वाचकाला काही न सांगता ‘युगान्त’ दिलं, तर दुसऱ्या दिवशी ते परत येईल. त्यात ना पुस्तकाचा दोष, ना वाचकाचा.

म्हणून आधी विचारा, ‘अलीकडे कुठलं पुस्तक हातातून सुटलं नाही?’ नाव कळलं की लगेच, ‘त्यातलं काय आवडलं?’ उत्तर अडखळत येतं. येऊ द्या, मध्येच नावं सुचवू नका. ‘कर्णाचं फार वाईट वाटलं’ असं आलं तर रणजित देसाईंचं ‘राधेय’ काढा. ‘प्रत्येकाची बाजू कळली’ असं आलं तर आता ‘युगान्त’ खुशाल द्या.

हे जमण्यासाठी स्वतः वाचतानाच टिपून ठेवा: वेग कसा आहे, सांगतंय कोण, मनात कोण राहिलं, जागा डोळ्यांपुढे उभी राहते का. मग पुस्तकासाठी दोन-तीन ओळींची चिठ्ठी करा. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर नुसतं ‘ग्रामीण कादंबरी’ लिहून कुणाचंच भलं होत नाही. असं लिहा: ‘कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतो. कादंबरी छोटी, चाल संथ. मोठ्या घडामोडींपेक्षा माणसं आणि माळरान लक्षात राहतं.’ शेवट सांगू नका. ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’ ही विशेषणं खोडून टाका, ती कुठल्याही पुस्तकाला चिकटतात.

अडचणीची जागा लपवू नये, असं माझं ठाम मत आहे. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ देताना सांगावं, की इथे कथानकाची ओढ शोधू नका, पांडुरंग सांगवीकरच्या बोलण्याची लय पकडा. एवढं सांगितलं की वाचक पहिली तीस-चाळीस पानं धीर धरतो.

विनोदी पुस्तकाचं वर्णन करत बसू नये. ‘बटाट्याची चाळ’मधलं एक पान मोठ्याने वाचावं, बस्स. मुलांनाही तेच: ‘फास्टर फेणे’ची गोष्ट रंगात आली की थांबा आणि पुस्तक त्यांच्या हातात द्या.

पुस्तक परत आलं की ‘आवडलं का?’ विचारू नका, भिडेपोटी सगळे ‘हो’च म्हणतात. ‘कुठे थांबलात?’ विचारा आणि त्याप्रमाणे चिठ्ठी दुरुस्त करा.