दृष्टिपटलाचे आरोपण : प्रयोग आणि सावधगिरी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या गंगापूर तालुक्यात, मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर लासूर स्टेशन हे बाजारपेठेचे गाव आहे. अशा गावांतून ‘दृष्टी गेली’ असे म्हटले जाते, तेव्हा त्यामागे निरनिराळे विकार असू शकतात. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढुळते. ते काढून कृत्रिम भिंग बसविता येते. डोळ्यात फूल पडले असल्यास नेत्रदानातून मिळालेले पारपटल उपयोगी पडते. दृष्टिपटलाची गोष्ट मात्र वेगळी आहे. ते मेंदूशी जोडलेले मज्जातंतूंचे नाजूक जाळे असल्याने नेत्रदानातून मिळवून बसविता येत नाही.

प्राण्यांवरील प्रयोग

या अडचणीवर मूलपेशींच्या साहाय्याने मार्ग शोधला जात आहे. जपानचे शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या सामान्य पेशींना पुन्हा मूलपेशींची अवस्था प्राप्त करून दिली. 2007 मध्ये मानवी पेशींबाबतही हे साध्य झाले. या कार्याबद्दल 2012 मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशींचे पोषण त्यांच्यामागील रंजक पेशींचा थर करतो. हा थर झिजला की प्रकाशग्राही पेशीही मरतात. अमेरिकेतील राष्ट्रीय नेत्र संस्थेत भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ कपिल भारती व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तपेशींपासून हा थर तयार केला. विरघळणाऱ्या आधारावर वाढविलेले त्याचे ठिगळ त्यांनी उंदीर व डुकरांच्या डोळ्यांत बसविले. तेथील प्रकाशग्राही पेशींचे रक्षण झाल्याचे 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. डुकराचा डोळा आकाराने मानवी डोळ्याच्या जवळचा असल्याने शस्त्रक्रियेची पद्धतही त्यातून पारखता येते. अशी परीक्षा झाल्यावरच माणसाची पाळी येते. जपानमध्ये 2014 साली मासायो ताकाहाशी यांच्या नेतृत्वाखाली असे पहिले मानवी आरोपण झाले.

घाईचा धोका

ही शिस्त मोडल्यास काय होते, हेही दिसून आले आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात तीन स्त्रियांच्या डोळ्यांत चरबीपासून काढलेल्या तथाकथित मूलपेशी टोचण्यात आल्या. त्यासाठी त्यांनी पैसेही मोजले होते. परिणामी त्यांची दृष्टी गंभीरपणे हरपली. हे प्रकरण 2017 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही विकारांसारखे मान्य अपवाद वगळता, मंजूर चाचणीबाहेर मूलपेशी-उपचार करता येत नाहीत. यास्तव ‘मूलपेशींनी दृष्टी परत आणतो’ अशी जाहिरात दिसल्यास ग्रामस्थांनी जमीन वा दागिने गहाण टाकण्यापूर्वी शासकीय रुग्णालयातील नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

गावपातळीवरील कार्य

प्रयोगशाळेतील ठिगळ गावापर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचेल. आहे ते दृष्टिपटल जपणे आजच शक्य आहे. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला होणारी इजा आरंभी रुग्णाच्या लक्षातही येत नाही. म्हणून प्रत्येक मधुमेही व्यक्तीने, दिसण्यात उणीव नसली तरी, वर्षातून एकदा दृष्टिपटलाची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. ग्रामसभेत हा विषय घेणे आणि शाळेतील मुलांमार्फत आजी-आजोबांपर्यंत तो पोहोचविणे, एवढ्यानेही अनेकांची दृष्टी वाचू शकेल.