घटक ३ : इंटरफेस की जेनेरिक्स? निवडीचा निकष

३.१ उद्दिष्ट
या घटकाच्या अभ्यासानंतर, आज्ञावली लिहिताना इंटरफेस केव्हा वापरावा आणि जेनेरिक्स केव्हा, हे आपणांस सकारण सांगता येईल.

३.२ प्रास्ताविक
‘गो’ ही संगणकभाषा गूगल कंपनीत तयार झाली व २००९ मध्ये जाहीर झाली. तीत इंटरफेस प्रारंभापासून होता. जेनेरिक्सची सोय मात्र मार्च २०२२ मधील १.१८ या आवृत्तीत आली. तेव्हापासून दोहोंतून निवड करणे आवश्यक झाले.

३.३ विषय विवेचन
कोल्हापुरातील करवीर नगर वाचन मंदिर १८५० मध्ये स्थापन झाले. अशा जुन्या ग्रंथालयाची सूची संगणकावर करावयाची आहे, असे समजू. पुस्तकाची नोंद लेखक व शीर्षक यांवरून होते, नियतकालिकाची वर्ष व अंक यांवरून. हस्तलिखिताच्या नोंदीत लेखनिक व लेखनकाल येतात. ‘नोंद दे’ ही आज्ञा तिघांना एकच. पालनाची रीत मात्र प्रत्येकाची निराळी. येथे इंटरफेस योग्य ठरतो. नोंद देता आली पाहिजे, एवढीच अट तो घालतो. ती कशी द्यावी, हे ज्याचे त्याच्यावर सोपवतो. म्हणूनच तिन्ही प्रकार एका यादीत ठेवता येतात.

आता यादीतील सर्वांत मोठी संख्या शोधावयाची आहे. पृष्ठसंख्या पूर्णांकात असतात, किमती दशांशात. रीत मात्र एकच. पहिली संख्या हाती धरावी, पुढचीशी ताडून पाहावी, मोठी ती ठेवावी. येथे जेनेरिक्स वापरावे. ‘मोठेपणा’, ‘खरेपणा’, ‘शहाणपणा’ या शब्दांत ‘पणा’ हा प्रत्यय एकच आहे, पण तो वाटेल त्या शब्दाला लागत नाही. तसेच येथेही मूल्ये परस्परांशी ताडता आली पाहिजेत, ही अट असते.

निवड चुकली तर काय होते? दुसऱ्या कामात कोणतीही अट नसलेला इंटरफेस वापरल्यास मूल्याचा मूळ प्रकार झाकला जातो. आज्ञावली चालवण्यापूर्वीच सापडली असती अशी चूक ती चालू असताना उघड होते. उलट, पहिल्या कामात केवळ जेनेरिक यादी वापरल्यास तीत एका वेळी एकच प्रकार मावतो. पुस्तक व हस्तलिखित शेजारी ठेवता येत नाहीत.

३.४ सारांश
प्रकारागणिक रीत बदलत असेल, तर इंटरफेस. रीत तीच राहून केवळ प्रकार बदलत असेल, तर जेनेरिक्स.

३.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
पुढील कामांसाठी योग्य साधन निवडून कारण लिहा.
१. गुळाच्या रव्यांची वजने आणि गावांची नावे या दोन याद्या क्रमाने लावणे.
२. रिक्षा, शहर बस व एसटी यांचे भाडे त्यांच्या त्यांच्या नियमाने काढणे.