दशावताराची सुपारी देण्याआधी

मुंबईतल्या आमच्या छोट्या संस्थेचा मी खजिनदार. दरवर्षी कोकणातून एक दशावतारी नाटक आणतो. पहिल्या वर्षी मांडववाला, साउंडवाला आधी चुकते झाले आणि पहाटे कंपनीच्या मालकाच्या हातावर उरलंसुरलं ठेवताना माझी मान वर होईना. तेव्हापासून क्रम उलटा केला.

अंदाजपत्रकात पहिली ओळ कलावंतांची लिहा. मालकाला नुसतं ‘किती घेणार?’ विचारून मोकळं होऊ नका, माणसं मोजा. राजा, राक्षस, स्त्री पार्ट करणारे, संकासूर, मग पेटी, मृदंग, झांज, सामान उचलणारे. समजा, १४ जण. नाइटचे प्रत्येकी २,५०० धरले तर ३५,००० झाले. कुडाळ ते मुंबई साडेचारशे किलोमीटरच्या वर. येण्याजाण्यात दोन दिवस मोडतात, जत्रांच्या दिवसांत तर दुसरी सुपारी सोडूनच ते येतात. त्या दिवसांचे माणशी रोज १,००० धरले तर आणखी २८,०००. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे मालकाबरोबर बसून ठरवा. पण गाडीभाडं, जेवण, राहणं ह्यातून कापायचं नाही. रक्कम जमत नसेल तर कमान लहान करा, पाहुण्यांच्या शाली वगळा, नाहीतर नाटक पुढच्या वर्षी आणा. ‘संस्था धर्मादाय आहे, सांभाळून घ्या’ असं साउंडवाल्याला कोणी म्हणत नाही, मग मृदंगवाल्यालाच का?

देणग्या घेताना पावतीवर ‘कलावंत मानधन’ असं वेगळं लिहा. संस्थेकडे ८०जी असेल तर देणगीदाराला सांगा, २,००० च्या वरच्या रोख देणगीवर करसवलत मिळत नाही. चेक द्या किंवा यूपीआय करा.

मग एकपानी करार, मराठीत. तारीख, वेळ, रक्कम, इसार. पावसानं कार्यक्रम बुडाला तर इसार परत मागायचा नाही, हेही लिहा. चित्रीकरण यूट्यूबवर टाकणार असाल तर त्याचे पैसे वेगळे. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतो. तेव्हा तुमचा व्हिडिओ म्हणजे त्याचंच लेखन.

टीडीएसचं त्याच बैठकीत बोला. कापून हातात किती पडणार, तो आकडा सांगा. पॅन नसेल तर कर २० टक्क्यांनी कापला जातो. महिनाभर आधी कळलं तर पॅन काढून होतो. कापलेल्याचं प्रमाणपत्र आठवणीनं पोचवा.

रंगपटात पंखा, आरसे, भरपूर उजेड आणि रंग धुवायला पाणी हवं. नट आपला रंग आपणच करतात, त्यांना जागा लागते.

पैसे नाटक संपल्यावर लगेच. ‘सोमवारी बँक उघडली की’ चालणार नाही. नटांच्या खात्यात परस्पर मात्र भरू नका. मालकानं त्यांना उचल दिलेली असते, त्यांचा हिशेब त्यांच्यात असतो. त्याला आधी विचारा, मग त्याच्यासमोर नाव, काम, रक्कम अशी यादी वाचा आणि प्रत्येकाची सही घ्या. झांजवाल्याचीसुद्धा.

गेल्या वर्षीच्या यादीवर लाल डाग बघून ऑडिटरनं विचारलं, ‘हे कुंकू का?’

‘नाही, राक्षसाचा अंगठा,’ म्हटलं.