मूठ सोडली की ‘टक्’ वाजलं पाहिजे

आमची बुलेट १९८४ सालची, वडिलांची. ते गेल्यावर ती सहा वर्षं सासवडच्या घराच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. टाकीला रंग, नवी सीट, नवे टायर, सगळं मी हौसेनं करून घेतलं. राहिली ती एकच कुरबुर, रेसची मूठ. ती इतकी घट्ट फिरायची की पुण्याला पोचेपर्यंत उजवं मनगट भरून यायचं आणि चहाचा कप डाव्या हातात धरावा लागायचा. “जुनी गाडी आहे, असायचंच,” असं जो तो म्हणे आणि मीही मान डोलवत असे.

एका रविवारी मात्र मी शहाणपणा करायला बसलो. कार्बोरेटरचं वरचं झाकण फिरवून काढलं. आत डबीसारखी एक गोल स्लाइड असते. मूठ पिळली की वायर तिला वर ओढते आणि मूठ सोडली की डोक्यावरची स्प्रिंग तिला खाली दाबते. एवढाच सगळा कारभार. मला वाटलं, हाताला जोर लागतो तो या स्प्रिंगमुळेच. पक्कड घेतली आणि तिची तीन वेटोळी कापून टाकली. सगळं परत बसवलं आणि काय सांगू, मूठ लोण्यासारखी फिरू लागली! घरातल्या सगळ्यांना बोलावून मी ती फिरवून दाखवली. ती परत कशी येते, हे मात्र कुणीच पाहिलं नाही. मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवेघाट उतरत होतो. खाली मस्तानी तलाव दिसू लागला होता. वेग फार नव्हता, चाळीसच्या आसपास. वळण आलं म्हणून मूठ सोडली, पण रेस उतरली नाही. हँडल वळवलं तसं इंजिन उलट जास्तच ओरडायला लागलं. घाबरून मी उजव्या पायानं ब्रेक दाबला आणि इथे दुसरी चूक झाली. रेडिचच्या इंग्रजी बुलेटची ही मद्रासी बहीण. १९५५ पासून मद्रासेत तयार होऊ लागली तरी तिनं माहेरची रीत सोडली नव्हती. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली. रोज ऑफिसला नव्या गाडीवर जाणाऱ्या माझ्या पायाला ब्रेक म्हणून जे सापडलं तो गिअर होता. दुसऱ्याचा तिसरा पडला.

शेवटी क्लच दाबला, हेडलाइटवरची चावी बंद केली आणि गाडी डोंगराकडच्या गटारात घातली. लेगगार्ड वाकला, गुडघा सोलला, उजव्या हाताच्या करंगळीचं हाड मोडलं. समोरून एसटी येत नव्हती, हे नशीब. त्यात माझं कर्तृत्व काहीही नाही.

गाडी टेम्पोत घालून हडपसरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी कापलेली स्प्रिंग तळहातावर घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मालक, गुन्हा वायरचा आणि फाशी स्प्रिंगला?”

मग त्यांनी टाकी उचलून दाखवली. रंगकामानंतर टाकी बसवताना रेसची वायर तिच्याखाली चेपली गेली होती. आवरणाला तिथे चक्क खळगा पडला होता आणि आतली तार गंजून तांबूस झाली होती. हँडल सरळ असताना वायर कशीबशी सरकायची. हँडल वळलं की ताणली जायची आणि अडकायची. मूळची दणकट स्प्रिंग हे सगळं सोसून स्लाइडला खाली ढकलत होती. मी तिचेच हातपाय तोडले होते. घरी हँडल सरळ ठेवून मूठ तपासली, म्हणून सगळं छान वाटलं. घाटात वळण आलं आणि खरं काय ते कळलं.

त्या दिवशी मिस्त्रींनी जे शिकवलं ते इथे उतरवून देतो. जुनी बुलेट, जावा, येझदी, राजदूत, वायर आणि स्लाइडवर चालणारी कुठलीही गाडी असो, रीत एकच.

आधी गुन्हेगार शोधा. मूठ, वायर आणि स्लाइड असे तीन संशयित असतात. वायरचं मुठीकडचं टोक सोडवा आणि नुसती मूठ फिरवून पाहा. ती सैल फिरली तर ती निर्दोष. मग कार्बोरेटरकडचं टोकही सोडवा आणि वायर दोन्ही हातांनी मागे-पुढे ओढा. ती रेशमासारखी सरकली पाहिजे, कुठेही करकर नको. राहिली स्लाइड. ती बोटानं वर करून सोडली की आपल्या वजनानं खाली घसरली पाहिजे. तिघांची अशी वेगवेगळी जबानी घेतल्याशिवाय तेलाच्या डबीला हात लावू नका.

दोष मुठीत असेल तर बहुधा हँडलच्या नळीवरचा गंज, नाहीतर वाळून गोंद झालेलं जुनं ग्रीस असतं. रॉकेलच्या फडक्यानं नळी स्वच्छ पुसा आणि ग्रीसचा हलका हात फिरवा. थापू नका, धूळ बसून पुन्हा तेच होतं. मुठीचं रबर आत सरकून कडेला घासत नाही ना, तेही बघा. गाडी पडलेली असेल तर नळी वाकलेली असू शकते. वाकलेल्या नळीवर कितीही ग्रीस लावा, उपयोग नाही.

दोष वायरमध्ये असेल तर ती खिळ्याला उभी टांगा. वरच्या टोकाभोवती मुलांच्या क्लेचं छोटं नरसाळं करा आणि त्यात शिलाई मशीनचं पातळ तेल थेंब थेंब सोडा. रात्रभरात तेल खालच्या टोकातून स्वच्छ बाहेर आलं की वायर पुन्हा कामाची झाली. आतून नायलॉनची नळी असलेल्या वायरला मात्र तेलाची गरज नसते. टोकाच्या मण्याजवळ तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला, तर तेल, डाग, जुगाड काही नको. वायर बदला. तुटलेला धागाच आवरणात अडकतो आणि रेस उघडी ठेवतो.

वायर बसवताना तिला कुठेही काटकोनात मोडू नका, इंजिनला चिकटू देऊ नका आणि टाकी टेकवण्याआधी खाली बोट घालून बघा.

दोष स्लाइडमध्ये असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा. आसपास विडी-सिगारेट तर नकोच, देवघरातला दिवाही नको. उभ्या गाडीत पेट्रोल वाळून स्लाइडवर पिवळट कीट चढतं. ते कार्बोरेटर क्लीनरनं उतरवा. पॉलिश पेपर किंवा कानस अजिबात लावू नका. दोन नटांवर बसणारा कार्बोरेटर असेल तर नट जीव खाऊन आवळू नका, त्यानं त्याचा साचाच वाकतो आणि स्लाइड अडते. अमलच्या जुन्या कार्बोरेटरची ही प्रसिद्ध खोड आहे. परत बसवताना स्लाइडची खाच आतल्या खुंटीवर नीट येऊ द्या. चुकली तर स्लाइड पूर्ण खाली बसत नाही आणि पहिल्याच किकला इंजिन किंचाळतं.

सगळं जोडून झालं की मुठीला दोन-तीन मिलिमीटरची मोकळीक ठेवा. गाडी मेन स्टँडवर घेऊन सुरू करा आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. आवाज जरासुद्धा चढला तर वायर कुठेतरी ताणली जाते आहे. तशी गाडी रस्त्यावर काढू नका. माझी ही दोन मिनिटं चुकली आणि करंगळी दीड महिना प्लास्टरमध्ये राहिली.

एवढं करूनही चालत्या गाडीत रेस अडकलीच, तर मुठीशी झटापट करत बसू नका. चावी किंवा किल स्विच बंद, क्लच दाबून धरा, दोन्ही ब्रेक. चावी ‘ऑफ’पर्यंतच फिरवा, हँडल लॉकपर्यंत नाही. आणि आपल्या गाडीचा ब्रेक कुठल्या पायाला आहे, हे निघण्याआधी एकदा पायाला सांगून ठेवा.

स्प्रिंगला मात्र हात लावू नका. मूठ उघडणं हे तुमच्या मनगटाचं काम, बंद करणं तिचं. आपण मूठ किती हलकी उघडते ते बघतो, पण जीव वाचतो तो ती किती चटकन बंद होते यावर. म्हणून इंजिन बंद असताना मूठ पूर्ण पिळा आणि झटकन सोडा, हँडल सरळ ठेवून एकदा, डावीकडे वळवून एकदा, उजवीकडे वळवून एकदा. तिन्ही वेळा कार्बोरेटरमधून ‘टक्’ ऐकू आलं, तरच किक मारा.