गर्भारपणाचे पहिले तीन महिने आणि सोनोग्राफी

दिवस गेल्याची वार्ता तिसरा महिना सरेपर्यंत घराबाहेर जाऊ न देण्याची रीत वऱ्हाडात जुनी आहे. दृष्ट लागू नये हा त्यामागील भाव समजण्यासारखा आहे. परंतु गर्भाचे हृदय, मेंदू, मज्जारज्जू व हातपाय यांची घडण याच अवधीत होत असते. निदान आशाताईपासून व परिचारिकेपासून तरी ही वार्ता लपवू नये. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी झाली म्हणजे रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि विदर्भात विशेष अगत्याची असलेली सिकलसेलची तपासणी वेळेवर होते.

अनेक स्त्रियांना पाळीची तारीख सांगता येत नाही. पोळ्याच्या आधी, एवढेच स्मरते. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजून प्रसूतीची अपेक्षित तारीख पाच ते सात दिवसांच्या फरकाने ठरविता येते. पुढे प्रत्येक बाळ आपापल्या गतीने वाढत असल्याने हा अंदाज सैल होतो. धारणी वा चिखलदरा तालुक्यातील दुर्गम गावच्या मातेने भर पावसाळ्यात रुग्णालयाजवळ केव्हा येऊन राहावे, हे या तारखेवरच अवलंबून असते. गर्भ गर्भाशयातच रुजला आहे किंवा नाही, जुळे आहे काय, हेही याच तपासणीत कळते. हे यंत्र क्ष-किरणांवर नव्हे, तर ध्वनिलहरींवर चालते. त्यामुळे वैद्यकीय गरजेपुरत्या तपासणीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

लोकांच्या तोंडी अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय आजही ‘डफरीन’ आहे आणि अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’. शासकीय रुग्णालयांत गरोदर मातांच्या तपासण्या 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली विनामूल्य आहेत. 2016 पासून दरमहा 9 तारखेस विशेष तपासणीही होते. मात्र मुलगा की मुलगी, हा प्रश्न तेथे कोणी विचारू नये. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. केंद्राचा कायदा 1994 चा आहे.

फॉलिक ॲसिडची गोळी पहिल्या तिमाहीत रोज घ्यावी. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून सुरू होतात. कपाशीवरील फवारणीचे औषध कालविणे, फवारलेल्या शेतात लगेच शिरणे वा फवारणीचे कपडे धुणे ही कामे या काळात घरातील इतरांनी उचलावीत. खर्रा व तंबाखू वर्ज्य होत. दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेऊ नयेत.

रक्तस्राव, ओटीपोटात एका बाजूस तीव्र कळ, घेरी, अन्नपाणी न ठरणारी उलटी यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता 102 किंवा 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.