मैदानावरील समतेची सीमा
शाळेचा वा गावाचा संघ निवडताना खेळाडूचे कौशल्य पाहिले जाते. नेतृत्वाचा विचार मात्र अनेकदा निराळ्याच निकषांवर होतो. क्रिकेटपटू बाळू पालवणकर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. चर्मकार समाजातील या डावखुऱ्या गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळविले. तत्पूर्वी पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना त्यांना चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. त्यांनी टाकलेला चेंडू झेलताना कोणालाही विटाळ होत नव्हता, हे विशेष! संघाने त्यांचे बळी स्वीकारले, कर्णधारपद दिले नाही. १९२० मध्ये या अन्यायाच्या निषेधार्थ त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम संघाबाहेर पडले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.